दर पावसाळ्यात ओझोन पडतो? ट्यूब बदलायच्या आधी वायू बघा

जून लागला की नाशिक भागातल्या सातपूर, अंबड, सिन्नरकडच्या पाण्याचे जार भरणाऱ्या प्लांटवाल्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते: "ओझोनेटर चालू आहे, अँपिअर बरोबर आहे, पण पाण्यात ओझोन लागत नाही." ओझोनेटर म्हणजे पाणी निर्जंतुक करायला ओझोन वायू बनवणारं मशीन. मग कुणीतरी त्याची ट्यूब बदलतो. थोडे दिवस बरं चालतं, पोळ्याच्या आसपास पुन्हा तेच. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, मशीन आपोआप सुधारतं आणि श्रेय शेवटच्या बदललेल्या ट्यूबला मिळतं. पुढच्या जूनला नवी ट्यूब, नवं बिल.

माझं सरळ म्हणणं आहे: दरवर्षी त्याच महिन्यात येणारा बिघाड ट्यूबचा नसतो. ट्यूबला पंचांग कळत नाही, हवेला कळतं. ओझोनेटर म्हणजे वातावरणाच्या जवळपासच्या दाबावर चालणारा विजेचा डिस्चार्ज (वायूतून वीज वाहणं) आहे, आणि असा डिस्चार्ज कसा वागेल हे त्यात कोणता वायू किती आहे यावर ठरतं. म्हणून तपासणी वायूपासून सुरू करायची, पान्हा नंतर हातात घ्यायचा.

आधी आत काय चालतं ते पाहू. काचेची नळी (हीच ट्यूब), तिच्याभोवती स्टीलचा इलेक्ट्रोड, मध्ये एक ते तीन मिलिमीटरची फट. 1857 साली वेर्नर फॉन सीमेन्स यांनी मांडलेली ही रचना आजही मुळात तशीच आहे. काही हजार व्होल्टचा एसी दिला की फटीत असंख्य बारीक धागे उमटतात. प्रत्येक धागा काही नॅनोसेकंद टिकतो, कारण त्याच्याखालच्या काचेवर चार्ज साठतो आणि तोच चार्ज धागा विझवतो. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचा रेणू फोडतात (त्याला 5.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात). सुटलेला अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. हे चिकटणं तिसऱ्या रेणूच्या धक्क्याशिवाय होत नाही. वातावरणीय दाबाला असे धक्के भरपूर मिळतात, म्हणून हे काम निर्वातात होत नाही.

आता अँपिअरबद्दल. सगळ्यांना फसवतो तो हा मीटर. काच, फट आणि इलेक्ट्रोड मिळून एक कपॅसिटर असतो, आणि मीटरवर दिसणारा बराचसा प्रवाह त्या कपॅसिटरचा असतो. आत ओझोन बनतोय की नुसती उष्णता, हे मीटरला कळत नाही. "अँपिअर बरोबर आहे" याचा अर्थ ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे आणि ट्यूब बहुधा फुटलेली नाही, एवढाच. खरं मोजमाप हवं तर वायू पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडून थायोसल्फेटने टायट्रेशन करा (थेंब थेंब टाकून किती लागलं ते मोजा). पिवळसर-तपकिरी द्रावण फिकट झालं की स्टार्चचे दोन थेंब टाका, गडद निळं होतं, आणि नेमक्या एका थेंबाला रंग उडतो. बाटली, ब्युरेट (थेंब मोजून सोडणारी नळी) आणि रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारा मीटर) असेल तर हे कुठल्याही प्लांटच्या लॅबमध्ये जमतं. हा आकडा कोरड्या दिवसांत एकदा काढून पॅनेलवर चिकटवून ठेवा. तो नसेल तर "कमी झाला" म्हणजे कशापेक्षा कमी, हेच सांगता येत नाही.

पाणी, पाणी आणि पाणी

पावसाळ्यातल्या तक्रारींत बहुतेक वेळा गुन्हेगार पाण्याची वाफ निघते. ती दोन ठिकाणी घाव घालते. काचेच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि काच पृष्ठभागावरून वीज वाहू देऊ लागते. मग चार्ज एका जागी न थांबता पसरतो, आणि बारीक बारीक असंख्य धाग्यांऐवजी मोजके, जाड, तापट धागे पडतात. ओझोनला उष्णता सोसत नाही, म्हणून जाड धाग्यात तो जन्मतो तिथेच बराचसा मरतो. दुसरा घाव रसायनाचा आहे: पाण्याच्या रेणूतून सुटलेले हायड्रॉक्सिल कण ओझोन फोडतात आणि पुन्हा मोकळे होऊन पुढचा फोडतात.

खिडकी असलेल्या मशीनमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. दिवे बंद करून बघा. कोरड्या हवेत नळीभर एकसारखा जांभळट उजेड असतो. ओल्या हवेत त्याच नळीत काही ठिकाणी अंधार आणि काही ठिकाणी ठळक, एकाच जागी रेंगाळणारे धागे दिसतात. हे चित्र ज्याने एकदा पाहिलं त्याला पुढे मीटर फारसा लागत नाही.

किती कोरडं म्हणजे कोरडं? ओझोनेटरला हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं दव पडू लागतं) उणे 60 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा असं साधारण सगळेच उत्पादक सांगतात. उणे 60 म्हणजे घनमीटरमागे जेमतेम एक शतांश ग्रॅम पाणी. जुलैतल्या नाशिकच्या 25 अंशांच्या भिजक्या हवेत घनमीटरला 20 ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे दोन हजार पट. डिसेंबरातल्या थंड सकाळी तेच सहा-सात ग्रॅमवर येतं. छोट्या प्लांटमध्ये हवा एक-दीड बार दाबावरच ड्रायरमधून (ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यातून) जाते, त्यामुळे जुलैत ड्रायरवरचा बोजा डिसेंबरच्या अडीच-तीन पट होतो. "पंधरा दिवसांनी जेल भाजायचं" हे वेळापत्रक हिवाळ्यात बसवलेलं असेल तर जुलैत ते पहिल्या आठवड्यातच हरतं. तक्रार दरवर्षी परत येण्याचं मूळ इथे आहे.

सात बारच्या कॉम्प्रेसरवर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बरंचसं पाणी रिसीव्हरमध्येच (हवेच्या टाकीतच) गळून पडतं. तो रिसीव्हर रोज ड्रेन होत नसेल, किंवा ऑटो-ड्रेन गंजून चिकटला असेल, तर ड्रायरमध्ये वाफेऐवजी थेट पाणी शिरतं. आणि रेफ्रिजरेशन ड्रायरवाल्यांनो (हवा गार करून पाणी काढणारा ड्रायर), पॅनेलवरचे "+3" हा दाबाखालचा दवबिंदू आहे. हवा वातावरणीय दाबाला सोडली की तो उणे 20 च्या आसपास जातो. ऐकायला छान वाटतं, पण उणे 60 पासून फार लांब आहे. त्याच्यापुढे डेसिकंट (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लागतोच.

आता सिलिका जेलचा निळा रंग. यावर माझा सर्वांत जास्त राग आहे, कारण "जेल निळं आहे, म्हणजे हवा कोरडी आहे" हे वाक्य प्रत्येक प्लांटवर ऐकावं लागतं. निळं जेल गुलाबी व्हायला लागतं ते सापेक्ष आर्द्रता साधारण 20 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. तीस अंशांच्या हवेत 20 टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू जवळजवळ अधिक 5. म्हणजे जेल मस्त निळं दिसत असताना ओझोनेटरच्या दृष्टीने हवा ओलीचिंब असू शकते. रंग फक्त एवढंच सांगतो की जेल पूर्ण मेलेलं नाही. नारंगी-हिरव्या जेलचंही तेच.

जेलच्या पुढे मॉलिक्युलर सिव्ह (अतिबारीक छिद्रांचे ओल शोषणारे दाणे) असेल तर उत्तम, पण ती भाजायची पद्धत वेगळी. बऱ्याच ठिकाणी मी बघतो की दोन्ही एकाच ओव्हनमध्ये 120-130 अंशांना टाकतात. सिलिका जेलला तेवढं पुरतं. सिव्ह पाणी इतकं घट्ट धरते की तिला 200 ते 300 अंश लागतात. 120 ला काढलेली सिव्ह हाताला गरम, दिसायला स्वच्छ आणि आतून अर्धी भरलेलीच असते. वर भाजून झाल्यावर ती उघड्या ट्रेमध्ये गार व्हायला ठेवतात, पावसाळ्यात! घट्ट झाकणाच्या डब्यातच गार करा.

ड्रायर ठीक असूनही ओल येत असेल तर पाइप बघा. मूळ टेफ्लॉनची नळी खराब झाली म्हणून कुणीतरी जवळच्या दुकानातून सिलिकॉनची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी आणून लावलेली असते. "आत दाब आहे, बाहेरची ओल आत कशी येईल?" असं विचारतात. येते. वाफ एकूण दाब बघत नाही, स्वतःचा आंशिक दाब बघते. बाहेर वाफ भरपूर आणि आत जवळजवळ शून्य, म्हणून ती नळीच्या भिंतीतून झिरपत आत येते. सिलिकॉन याबाबतीत सर्वांत वाईट. ड्रायरपासून ओझोनेटरपर्यंत टेफ्लॉन किंवा एसएस 316 (स्टेनलेस स्टील), आणि शक्य तितकी लहान लांबी. ओझोनेटरच्या पुढे तर रबर-नायलॉन अजिबात नको, ओझोन ते खाऊन टाकतो.

वीज जाते तेव्हाचा धोका वेगळाच. पंप थांबतो, व्हेंचुरीतलं (वायू पाण्यात ओढून घेणाऱ्या अरुंद नळीतलं) किंवा टाकीतलं पाणी उलटं येतं आणि एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) धरत नसेल तर थेट ट्यूबमध्ये शिरतं. मध्ये पारदर्शक नळीचा उंच लूप ठेवा, म्हणजे पाणी आलं की दिसेल. आणि रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी सुरू करताना आधी किमान पंधरा-वीस मिनिटं नुसती कोरडी हवा चालवा, हाय व्होल्टेज नंतर. ट्यूब एकदा भिजली असेल तर तेवढंही पुरत नाही. काच आणि खाचाकोपऱ्यांतला ओलावा निघायला अनेक तास लागतात. ड्रायर बदलून दहा मिनिटांत "काही फरक नाही" असा निकाल देऊ नका.

पांढरी पुटं, तपकिरी डाग

ट्यूब उघडल्यावर आत पांढरट-पिवळट चिकट थर दिसला आणि स्टीलवर हिरवट-तपकिरी डाग असतील, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. हवेतला नायट्रोजन डिस्चार्जमध्ये ऑक्सिजनशी जुळतो आणि ओझोनच्या सोबतीने डायनायट्रोजन पेंटॉक्साइडपर्यंत पोचतो. हवा कोरडी असेल तर तो वायूबरोबर निघून जातो. पाणी भेटलं की नायट्रिक आम्ल. तेच काचेवर बसतं, इलेक्ट्रोड कुरतडतं आणि पुढच्या गळतीची सोय करतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच साफ करा. मशीन बंद केल्यावर कपॅसिटर उतरला आहे याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. धुतलेली ट्यूब पूर्ण वाळवूनच बसवा.

याच प्रकरणात एक चूक मुद्दाम केली जाते: "कॉन्सन्ट्रेशन वाढवायचं" म्हणून रोटामीटर खाली आणतात. थोडं खाली आणलं तर खरंच वाढतं. फार आणलं की हवा डिस्चार्जमध्ये जास्त वेळ रेंगाळते, नायट्रोजन ऑक्साइड साठत जातात आणि एका मर्यादेनंतर ते ओझोन बनण्याआधीच ऑक्सिजनचे अणू गिळतात. ओझोन हळूहळू न घटता एकदम जवळजवळ शून्यावर येतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूला तपकिरी झाक येते. फ्लो वाढवा, थोडा वेळ द्या, परत येतो. हे हवेवर चालणाऱ्या मशीनचंच दुखणं आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला तरी तेच

हवेवर ओझोनचं प्रमाण वजनाने 1 ते 3 टक्के मिळतं, ऑक्सिजनवर त्याच्या कितीतरी पट. म्हणून बरेच जण पीएसए कॉन्सन्ट्रेटर (हवेतला नायट्रोजन काढून ऑक्सिजन देणारं यंत्र) लावतात. बरोबर निर्णय. पण त्याच्यातला झिओलाइट (सच्छिद्र खनिजाचे दाणे) मुळात नायट्रोजन धरायला ठेवलेला असतो आणि पाणी त्याला नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. दमट हवा सतत आली की झिओलाइटच्या जागा पाण्याने अडतात, नायट्रोजन सुटून पुढे जातो आणि 93 टक्के ऑक्सिजन उतरत जातो. मशीनवर हिरवा दिवा असतोच. ऑक्सिजन मीटर लावून बघा. 85 च्या खाली असेल तर ओझोनेटरकडे बोट दाखवू नका.

कोणी विचारेल की चांगल्या कॉन्सन्ट्रेटरचाही ऑक्सिजन 95 च्या पुढे का जात नाही. हवेतला 0.93 टक्का आर्गॉन झिओलाइटला ऑक्सिजनसारखाच वाटतो, तो दोघांनाही सोडतो. नायट्रोजन काढल्यावर आर्गॉनचा वाटा चार टक्क्यांच्या वर जातो. ओझोनेटरला त्याचा काही त्रास नाही.

आणि मग सिलिंडरचं कोडं

अंबडमधल्या एका प्लांटच्या मालकांनी ओल्या हवेला कंटाळून कॉन्सन्ट्रेटर काढला आणि शुद्ध ऑक्सिजनचे सिलिंडर जोडले. "आता ओल यायचा प्रश्नच नाही." सुरुवातीला ओझोन धो धो आला. मग काही दिवसांत हळूहळू उतरत गेला. दवबिंदू उत्तम, नळी टेफ्लॉनची, ट्यूब स्वच्छ, थंड पाणी व्यवस्थित. त्यांनी सिलिंडरवाल्यावर भेसळीचा संशय घेतला. प्रकार नेमका उलट होता: वायू नको तितका शुद्ध होता.

अतिशुद्ध ऑक्सिजनवर ओझोन काही तासांत-दिवसांत घसरत जातो, हे या क्षेत्रात चांगलं माहीत आहे. म्हणूनच द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या मोठ्या ओझोन प्लांटमध्ये नायट्रोजन मुद्दाम थोडा मिसळतात. नायट्रोजन दोन कामं करतो. उत्तेजित नायट्रोजन रेणू आणि अणू ऑक्सिजनचे रेणू फोडायला हातभार लावतात. शिवाय इलेक्ट्रोड आणि काचेच्या पृष्ठभागावर नायट्रोजनची संयुगं बसली की तो पृष्ठभाग ओझोन मोडायला कमी धजावतो. घसरणीचं मुख्य कारण पृष्ठभागाच्या या बदलातच शोधलं जातं. कॉन्सन्ट्रेटरच्या ऑक्सिजनमध्ये दोन-तीन टक्के नायट्रोजन उरतोच, म्हणून तिथे हे दुखणं दिसत नाही.

उपाय स्वस्त आहे. ऑक्सिजनच्या दर 100 लिटरमागे साधारण सव्वा लिटर हवा एका बारीक नीडल व्हॉल्व्हने सोडा, म्हणजे नायट्रोजन एक टक्क्याच्या आसपास येतो. ही हवा ड्रायरमधून आलेली, पूर्ण कोरडी आणि तेलविरहितच हवी. परिणाम लगेच दिसत नाही, अर्धा-एक दिवस द्या. त्या मालकांना हे पटायला वेळ लागला, कारण ज्या नायट्रोजनपासून सुटका म्हणून त्यांनी सिलिंडर आणले होते तोच परत सोडायचा होता. पण पाण्याबरोबर आम्ल बनवणारा नायट्रोजन आणि कोरड्या ऑक्सिजनमधला एक टक्का नायट्रोजन यांची वागणूक सारखी नसते.

सिलिंडरचा एक खरा उपयोग मात्र आहे: तपासणी. ओझोन पडला आणि हवेचा संशय असेल तर तासभर सिलिंडर लावून बघा. ऑक्सिजनवरचा नेमप्लेटचा आकडा मिळाला तर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, कूलिंग सगळं निर्दोष, आणि दोष ड्रायर किंवा त्याच्या मागे आहे. रेग्युलेटर ऑक्सिजनचाच वापरा आणि फिटिंगला तेल-ग्रीस लागलेलं नाही हे बघा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागते, यात चेष्टा नाही.

तेलाचाच विषय निघाला म्हणून: कॉम्प्रेसर ऑइल-फ्री नसेल तर तेलाची वाफ गरम काचेवर जाऊन काळे ओरखडे पडतात, आणि त्या कार्बनच्या रेघांवरून वीज पळून काच फुटते. अशी फुटलेली ट्यूब हातात आली तर नवी बसवण्याआधी कॉम्प्रेसर बघायचा.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, "म्हणून इथे ओझोन कमी येतो" असंही एक सप्लायर सांगतो. त्यावर वेळ घालवू नका. ट्यूबमधला दाब तुमचा रेग्युलेटर ठरवतो, शहराची उंची नव्हे. आणि उंची जुलैत वाढत नाही.

एप्रिल-मेमधली तक्रार मात्र वेगळी. तेव्हा हवा कोरडी असते, पण कूलिंगचं पाणी 35 च्या पुढे जातं आणि ओझोन बनल्याबनल्या मोडतो. तिथे ड्रायर भाजून उपयोग नाही. चिलर किंवा कूलिंगच्या पाण्याचा प्रवाह बघा, जॅकेटमधला क्षार काढा.

खरोखर ट्यूबच गेली असेल तर ते ओळखणं अवघड नाही. फ्यूज उडतो किंवा पॅनेल ट्रिप होतं, अँपिअर एकदम चढतो, काचेत सुईच्या टोकाएवढं काळं भोक दिसतं आणि तिथे एकच पांढरा जाड आर्क जळत असतो. अनेक ट्यूबांचं मशीन असेल तर एकेक ट्यूब सोडवून बघा, दोषी सापडते. ती बदलताना शेजारच्या ट्यूबांच्या आतला थरही बघून घ्या, आणि खोलीत ओझोनचा वास येत असेल तर आधी पंखा लावून बाहेर थांबा. कामाच्या जागी 0.1 पीपीएम (दहा लाख भागांमागे 0.1 भाग) ही मर्यादा आहे आणि नाकाला वास त्याच्या बराच आधी कळतो.